ज्या दुपारी मी आडवा झालो

मित्रांनो, तीन पाय, एक मान आणि मानेवर पत्र्याची तिरकी पाटी, एवढाच मी आहे. वाजवणाऱ्यांच्या समोर उभं राहायचं आणि त्यांच्या नोटेशनचे कागद धरायचे, हे माझं काम. लोक मला नुसतं 'स्टँड' म्हणतात. वय विचाराल, तर माझा काळा रंग तीनदा उडाला आणि दोनदाच परत लावला गेला, त्यावरून काय तो अंदाज करा. जन्मात मी कधी गाणं म्हटलं नाही, पण एका दुपारी माझ्यामुळे, खरं म्हणजे माझ्या पडण्यामुळे, असं काही झालं की त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. तिथे दवाखान्यांसाठी सलाईन लटकवायचे स्टँड बनत. एकदा चार सळया उरल्या. वेल्डरने त्या कापल्या, वाकवल्या, वर पाटी बसवली आणि मानेला एक मोठा स्क्रू लावला. त्याची बायको रंग मारायचं काम करायची. तिने मला हलवून बघितलं आणि म्हणाली, "मान ढिली राहिलीय याची."

"चालतंय," वेल्डर म्हणाला.

या एका 'चालतंय'ने माझा जन्मभर छळ केला. पण ते पुढे येईल.

मी लागलो एका मोठ्या सभागृहातल्या ऑर्केस्ट्रात. अहाहा, काय ती शिस्त! चाळीस वाजवणारे, चाळीस स्टँड, सगळे एका रेषेत. पुढे काडी हातात घेऊन उभे राहणारे सर. सगळे त्यांना काडीवाले सर म्हणत. रोज तालमीच्या आधी ते एकच वाक्य बोलायचे, "कागदात आहे ते इथे वाजवायचं. कागदात नाही ते घरी जाऊन करायचं." मला हे वाक्य इतकं आवडायचं की माझे कान असते तर मी ते कानात घालून झोपलो असतो. कागद म्हणजे कायदा, आणि कायदा धरून उभा कोण? मी!

माझ्यासमोर बसायची ट्रम्पेटवाली ताई. कानामागे पेन्सिल, बोटांवर शिशाचे डाग. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ती बारीक अक्षरात लिहून ठेवायची. अठरा वर्षांत तिचा एक सूर चुकलेला मी ऐकला नाही. एकदा काडीवाले सर सगळ्यांना म्हणाले, "जरा ताईंच्या स्टँडकडे बघा. कागद कसा सरळ ठेवलाय!" मित्रांनो, पुढचे आठ दिवस मी जमिनीवर नव्हतो.

मग नव्या व्यवस्थापकांनी घडीचे, हलके, चकचकीत स्टँड आणले. आम्हाला जुन्या पडद्यांखाली कोठीच्या खोलीत फेकलं. कोणी 'येतो' सुद्धा म्हणालं नाही. तीन वर्षं मी अंधारात कोळ्यांची जाळी धरून उभा होतो, कागद धरावेत तशी. एक दिवस दार उघडलं आणि ताईचा आवाज आला, "तो तिसरा. मान ढिली आहे ना, तोच. तो माझा आहे." तिने मला खांद्यावर टाकून घरी नेलं. मला रडता येत नाही हे त्या दिवशी फार खटकलं.

घरी बाबा होते. ताईचे वडील. तेही ट्रम्पेटच वाजवायचे, पण ते जॅझवाले. जॅझ म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, आणि कळलं तेव्हा माझा विश्वास बसेना. थोडीशी चाल ठरलेली असते म्हणे, आणि पुढचं सगळं वाजवता वाजवता, तिथल्या तिथे, सुचेल तसं! म्हणजे सुचलं नाही तर? आणि भलतंच सुचलं तर? बाबांना त्याची काही फिकीर नव्हती. बाहेरून आले की ते आपली ओली टोपी सरळ माझ्या पाटीवर अडकवायचे. माझ्यावर! कागदाच्या जागी टोपी!

"बाबा, ती टोपी काढा आधी," ताई ओरडायची.

"अगं वेडाबाई, कागद बाजूला ठेव. खिडकी उघड, काय आवाज येतोय बघ आणि त्याच्याशी बोल," ते म्हणायचे.

"तुमच्या वाजवण्याला काही धरबंध नाही."

"आणि तुझ्या वाजवण्याला धरबंधच आहे, बाकी काही नाही," असं म्हणून ते गडगडाटी हसायचे. ताई चिडायची, पण 'वेडाबाई' म्हटलं की ती आतून खूश होते हे मी समोरून रोज बघत होतो. ते नाव तिला फक्त बाबाच देत.

आणि एका सकाळी बाबा दाढी करता करता आरशासमोर खाली बसले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ताई दवाखान्यातून घरी यायची ती नुसती चटईवर पडून राहायची. बाबांच्या खाटेशेजारी सलाईनचा काळा स्टँड आहे, असं तिने फोनवर कोणाला तरी सांगितलं. तो माझाच सख्खा भाऊ असणार. निदान आमच्या घरातलं कोणीतरी त्यांच्यापाशी उभं होतं.

बाबा परतले ते डाव्या हातात काठी घेऊन. आठ महिने ते खिडकीपाशी बसून होते. बोलत तर नव्हतेच, पण बोलायचा प्रयत्नही करत नव्हते. ट्रम्पेटची पेटी समोर आणली की मान फिरवायचे. ताई रोज त्यांच्या पायाशी बसून म्हणायची, "बाबा, एकदा वेडाबाई म्हणा ना. अर्धं म्हणा. नुसतं वे म्हणा." ते खिडकीबाहेर बघत राहायचे. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, "त्यांच्या ओळखीचं, त्यांच्या आवडीचं सतत कानावर पडू द्या. कुठल्या दारातून माणूस परत येईल सांगता येत नाही."

ताईने ते मनावर घेतलं. बाबांच्या जॅझवाल्या साथीदारांपैकी एकाकडे एक जुनं रेकॉर्डिंग होतं. एका रविवारी दुपारी बाबांनी वाजवलेलं एक संथ, उदास गाणं. लोक अजून त्या दुपारची आठवण काढायचे. ताईने ते रेकॉर्डिंग घरी आणलं आणि ऐकून ऐकून, सूर न् सूर कागदावर उतरवला. दोन महिने लागले, तेही मागच्या खोलीत दार लावून, बाबांना आधी कळू नये म्हणून. अर्धा सेकंद ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, खोडायचं, परत ऐकायचं. कागद अर्थात माझ्यावर! मी अभिमानाने ताठ झालो होतो. त्या उधळ्या माणसाचं वाजवणं अखेर कायद्यात बसत होतं.

फक्त सहाव्या ओळीत एक विचित्र जागा होती. सगळं गाणं मऊ, हळू चाललेलं, आणि मधेच दोन उंच सूर झटपट, थोडं थांबून परत तेच दोन. मागे कुठेतरी बारीक किणकिण ऐकू यायची, ती ताईला ड्रमवाल्याच्या झांजेची वाटली. "काय डोकं आहे बाबांचं! असं कोणाला सुचेल?" ती मला म्हणाली. त्या चार सुरांचा तिने सगळ्यात जास्त सराव केला, ट्रम्पेटच्या तोंडात रुमाल कोंबून. पेन्सिलने त्यांच्याभोवती एक चौकोनही काढला.

मग तो रविवार आला. साथीदारांनी निरोप पाठवला होता, बाबांची खुर्ची आम्ही रिकामी ठेवलीय, एक दिवस तू ये, बाबांनाही आण. ताईने ठरवलं की बाबांचं वाजवणं बाबांसमोर, त्यांच्याच जागेवरून, त्यांच्याच ट्रम्पेटवर, जसंच्या तसं वाजवायचं. आपलाच आवाज ऐकून तरी ते बोलतील. घरातून निघताना ती आरशात बघून म्हणाली, "आज नाही बोलले तर मग मला दुसरं काही सुचत नाही."

जागा म्हणजे एका तळघरातलं कॉफीचं दुकान. वीस अरुंद पायऱ्या. खाली पोचल्यावर ताईने मला खांद्यावरून उतरवलं, आणि मी समोर बघितलं. तिथे एकही स्टँड नव्हता! कागद नाही, पेन्सिल नाही, काडी घेऊन उभं राहणारं कोणी नाही. एक टक्कल पडलेला ड्रमवाला, त्याला सगळे टकलू म्हणत. माणसाएवढा उंच बास, म्हणजे खर्जात बोलणारं थोरलं व्हायोलिनच, कवेत घेऊन उभा असलेला लंबू. आणि पियानोवर एक मावशी, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. वाजवणारी माणसं चष्मा वर सरकवून बसलीयत! वाचायचंच नाही म्हटल्यावर काय!

"हा कोण पाहुणा?" टकलूने माझ्याकडे बोट करून विचारलं.

"नोटेशन आणलंय. बाबांचं," ताई म्हणाली.

"दादांचं? नोटेशन?" बाबांना तिथे सगळे दादा म्हणत. टकलूने लंबूकडे बघितलं, लंबूने छताकडे.

"बस गं पोरी, बस तू," मावशी म्हणाल्या.

त्यांच्या मागे भिंतीवर एक पुठ्ठा टांगला होता. त्यावर खडूने लिहिलं होतं, 'जो तेच परत वाजवेल, तो बास वर नेईल.' म्हणजे गेल्या खेपेला सुचलेलं या खेपेला परत वाजवलं, की शिक्षा म्हणून लंबूचा तो अजस्र बास वीस पायऱ्या चढवून रस्त्यावर न्यायचा. मी तर गारच पडलो. आमच्याकडे वेगळं वाजवलं की बोलणी बसायची आणि इथे तेच वाजवलं की हमाली! लंबू म्हणाला, "सतरा वर्षांत दादांनी या बासला हात लावलेला नाही. आम्ही सगळे मात्र पाठी मोडून घेतल्यात." ताई कसंनुसं हसली. तिचं लक्ष नव्हतं.

बाबांना खुर्चीसकट खाली आणून पहिल्या टेबलापाशी बसवलं होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर. काठी गुडघ्यांत. नजर कुठेच नाही.

सुरुवात झाली. आधी सगळ्यांनी मिळून ती संथ चाल वाजवली. मग मावशींनी ताईकडे बघून मान डोलावली आणि ताई उभी राहिली. माझ्यावरचा पहिला कागद, पहिली ओळ. काय वाजवलं तिने! हुबेहूब! प्रत्येक श्वास बाबांचा, प्रत्येक वळण बाबांचं. मागच्या टेबलावरचे एक गृहस्थ म्हणाले, "अरे, हे तर तेच!" मी मनात म्हटलं, तेच म्हणजे? तेच! याला म्हणतात कागद!

बाबांची नजर वर आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती एका जागी थांबली. पण ती ताईवर नव्हती. ती माझ्यावर होती. ताई माझ्याकडे बघत होती, बाबाही माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या कपाळावरची शीर हळूहळू फुगत होती. मला वाटलं, आता बोलतील. आता!

सहावी ओळ आली. चौकोनातले दोन सूर. थांबून परत दोन.

टकलू फिस्सकन हसला. हसला! मग घाबरून त्याने तोंडावर हात दाबला. बास चुकला. पियानो थांबला. आणि मित्रांनो, बाबांनी काठी उचलली. मुठीकडचा वाकडा भाग पुढे आला, माझ्या मानेत अडकला, आणि त्यांनी सगळा जीव एकवटून मला खेचलं.

वेल्डरच्या त्या 'चालतंय' स्क्रूने तिथेच मान टाकली. मी धाडकन आडवा झालो. कागद उडाले. एक मावशींच्या पायाशी, एक कोणाच्या तरी कॉफीत, बाकीचे जिन्याकडे. दोन महिन्यांची मेहनत! ज्याच्यासाठी केली त्यानेच! कप हातातल्या हातात राहिले होते. मी उताणा पडून छताकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की कागद पडले, जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून कागद पडले.

"बाबा!" ताई किंचाळली. मग तिचा आवाज फुटला. "काय चुकलं माझं? एक तरी सूर चुकला का? सांगा ना कोणीतरी!"

लंबू खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "पोरी, सूर नाही चुकला. पण अगं, ते चार सूर... त्या दिवशी दादा वाजवत होते आणि मधेच काउंटरवरचा फोन वाजला. वाजतच राहिला. दादांनी त्या फोनला ट्रम्पेटमधून उत्तर दिलं. लोक हसून हसून लोळले होते. आज फोन कुठे वाजलाय?"

किणकिण! ती झांज नव्हतीच. दोन महिने ताईने एका टेलिफोनचा सराव केला होता. आणि मी तो छातीशी धरून उभा होतो, कायदा म्हणून! मला इतकं ओशाळं कधीच वाटलं नव्हतं.

ताई खुर्चीत बसली. ट्रम्पेट मांडीवर. डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात आवाज आला.

ठक. ठकठक.

बाबांची काठी. फरशीवर. माझ्या पाटीशीच.

ताईने बघितलं नाही. परत, ठक. ठकठक. या वेळी जरा रागात.

ताई उसळली. ट्रम्पेट तोंडाला लावून तिने एक असा भसाडा, बेढब आवाज काढला की काडीवाले सर असते तर त्यांच्या हातून काडी पडली असती. कागदात नसलेला आवाज! ताईच्या ट्रम्पेटमधून! माझा पत्रा थरथरला. बाबांनी त्याला लगेच उत्तर दिलं, ठकाठका ठक. ताईने तो ठेका पकडून परत केला, पण शेवटी एक सूर जास्तीचा टाकला. बाबांची भुवई वर गेली. त्यांनी थांबून विचार केला आणि एकच ठोका मारला, लांब.

ताई त्या एका ठोक्याभोवती फिरू लागली. मधे तिचा सूर घसरला, साफ चुकला. मी डोळे मिटले असते. पण ती थांबली नाही. तिने तोच चुकलेला सूर परत वाजवला, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या वेळी तो चुकलेला वाटेचना! कोणीतरी खुर्ची सरकवली, करकर आवाज झाला, तो तिने घेतला. कॉफीचं यंत्र फुसफुसलं, त्याला मावशींनी पियानोवर उत्तर दिलं. लंबू आत आला, टकलू आत आला. पुढे काय येणार हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं, ताईलाही नाही. मी जमिनीवर पडून वाट बघत होतो. पुढचा सूर काय असेल याची वाट मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, कारण आजवर तो मला आधीच माहीत असायचा.

आठ महिन्यांनी बाप-लेक बोलत होते. एक काठीने, एक ट्रम्पेटने.

ते संपलं तेव्हा बाबांचा अर्धा चेहरा हसत होता. उरलेला अर्धा हसू शकत नव्हता, पण त्याचाही डोळा भरला होता. घशातून नुसताच एक घोगरा हुंकार आला. शब्द नाही. ताई त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसली आणि त्या दिवशी तिने 'वे म्हणा' असं म्हटलं नाही.

लोक उठायला लागले तशी बाबांनी काठी उचलून आधी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे रोखली, मग बासकडे, मग ताईकडे. टकलू टेबलावर हात आपटून ओरडला, "नियम म्हणजे नियम! पहिल्या पाच ओळी तेच वाजवलंस, उचल आता!" आणि ताईने, माझ्या शिस्तीच्या ताईने, तो माणसाएवढा बास वीस पायऱ्या चढवला. मधल्या पायरीवर थांबून ती खो खो हसत होती.

माझी मान त्या दिवसापासून कायमची वाकडी झाली. ताईने चिकटपट्टी गुंडाळली, पण जड वही काही पेलवत नाही. आता मी त्या तळघरातच असतो, बाबांच्या खुर्चीशेजारी. त्या खुर्चीवर रविवारी ताई बसते. मी बाबांची टोपी धरतो, कधी टकलूचा घामट रुमाल. पूर्वी मी अशाने पेटलो असतो. आता एवढंच बघतो की टोपी खाली पडू नये.

आणि एक कागद धरतो. सहावी ओळ असलेला. कॉफीत पडलेला तोच, त्यावर कपाचा गोल डाग आहे. त्या दुपारनंतर बाबा हट्टाने डाव्या हाताने पेन्सिल धरायला शिकत होते. चार महिन्यांनी एका रविवारी ताई वाजवत असताना त्यांनी तो कागद माझ्यावरून ओढला आणि टेबलावर ठेवून कितीतरी वेळ काहीतरी गिरवत बसले. मग तो परत माझ्या पाटीवर उभा केला, ताईकडे तोंड करून. अक्षरं वाकडी, एक मोठं एक लहान, ओळ उतारावर निघालेली. ताईचं वाजवणं मधेच थांबलं.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने स्टँड पडद्यांखाली फेकू नका. स्क्रूला तेलाचा एक थेंब द्या, पत्र्यावरची धूळ पुसा. कागद लिहा, नीट लिहा, मी धरीन. अधूनमधून मान वर करून समोर कोण बसलंय तेही बघा, ते मात्र मला धरता येत नाही. आणि कधी त्या तळघरात आलात, तर माझ्यावरचा तेवढा एक कागद कोणी हलवू नका. त्यावर पेन्सिलच्या चौकोनाखाली लिहिलंय, 'फोन होता, वेडाबाई.'